ॲडलेडहून एका दिवसात बरोसा व्हॅली बघायची आहे. गाडी भाड्याने घ्यावी की गाइडसोबतची टूर?

वाइन चाखणार असाल तर टूरच घ्या. साउथ ऑस्ट्रेलियात पूर्ण लायसन्स असलेल्या चालकासाठी रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा ०.०५ टक्के आहे, आणि दोन-तीन वाइनरींत थोडी थोडी चाखली तरी ती ओलांडली जाऊ शकते. मी ॲडलेडमध्येच राहतो आणि येणाऱ्या पाहुण्यांना हेच सांगतो. बरोसा जेमतेम तासा-सव्वा तासावर आहे, त्यामुळे लहान मिनीबसची टूर निवडा. टूर ठरवताना तीन गोष्टी विचारा:

- जुन्या वेली दाखवतात का? द्राक्षवेलींच्या मुळांवर जगणारी फायलोक्सेरा कीड या राज्यात कधी पोहोचलीच नाही. म्हणून टानुंडाजवळ १८४३ साली लावलेल्या शिराझ जातीच्या द्राक्षवेली आजही फळ देतात. युरोपात त्या काळातल्या बहुतेक बागा या किडीने गेल्या, त्यामुळे हे खरंच बघण्यासारखं आहे. मात्र परवानगीशिवाय वेलींच्या ओळींत शिरू नका. बुटांच्या मातीतून कीड पसरते.
- जेवण काय? इथे जर्मन वसाहतकारांची परंपरा आहे, म्हणजे धुरावलेलं मांस आणि मेटवुर्स्ट सॉसेज. शाकाहारी असाल तर बुकिंग करतानाच कळवा.
- शनिवारी अँगस्टनचा शेतकरी बाजार घेतात का? तो सकाळीच आटोपतो.

तुमच्यातला एक जण अजिबात पिणार नसेल, तर मात्र भाड्याची गाडी बरी: वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून, आणि मेंगलर्स हिलवरून खोरं हवा तितका वेळ बघता येतं.