घड्याळ चुकलं म्हणजे डिमेन्शियाच का?

“मॅडम, डॉक्टरांनी डिमेन्शियाच्या (स्मृतिभ्रंशाच्या) तपासणीत कागदावर घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं आणि बाबांचं चुकलं, म्हणजे संपलंच का सगळं?” हा प्रश्न इतक्यांदा ऐकलाय की आता लिहूनच टाकते.

उद्यमनगरात फौंड्रीचे पॅटर्न, म्हणजे ओतकामाचे नमुने, बनवण्यात आयुष्य गेलेले एक आबा. मुलगा वैतागलेला, “बोलायला एकदम टकाटक आहेत ओ, पण नळ चालू ठेवतात, शर्ट उलटा घालतात, मुद्दाम करतात.” भाषण द्यायचं सोडून मी त्याला शेजारी बसवलं आणि आबांना कागद दिला. गोल असा काढला की कंपास लाजावा, आकडेपण जागच्या जागी. मग म्हटलं, आबा, अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा. त्यांनी एक काटा अकरावर नेला आणि दुसरा थेट दहावर! “झालं की,” म्हणाले.

मग मी स्वतः तीच वेळ दाखवणाऱ्या घड्याळाचं चित्र काढून दिलं, बघून काढा म्हटलं. काटा बरोबर दोनवर.

मी मार्कांपेक्षा माणूस कसा काढतो ते बघते, आणि इथं तेच कामी आलं. हात आणि नजर शाबूत होती, पण दहा मिनिटं म्हणजे काटा दोनवर हे आठवायचं आणि समोर दिसणाऱ्या दहाला टाळायचं, हे बरचसं मेंदूच्या पुढच्या भागाचं काम, तिथं अडत होतं. बघूनही आकृती विस्कटली तर मागच्या-वरच्या बाजूचा, म्हणजे जागेचा अंदाज ठेवणारा भाग कमी पडतोय का ते बघावं लागतं.

मुलगा बराच वेळ कागदाकडं बघत होता. “म्हणजे हट्ट नव्हं हा?”

“नव्हे. सांगितलेलं अडतंय, दाखवलेलं जमतंय.” तेव्हापासून घरात कपडे घालायच्या क्रमानं मांडून ठेवतात, एका वेळी एकच काम सांगतात, भांडणं निम्म्यावर आली.

तरी न्यूरोलॉजिस्टकडं पाठवलंच, कारण ही नुसती चाळणी आहे, निदान नाही. बी-१२ कमी, थायरॉइड, डिप्रेशन, मोतीबिंदू, कशानंही चित्र बिघडू शकतं. आणि शाळेचं तोंड न पाहिलेल्या आज्जीला अशाच तपासणीतला क्यूब (ठोकळ्याचं चित्र) जमला नाही तर तो आजार कसा म्हणायचा? तिचा रोजचा व्यवहार आधीपेक्षा बदललाय का ते विचारा.

फक्त घरी पाहुण्यांसमोर “आबा, घड्याळ काढून दाखवा” करू नका, एकदा हसं झालं की माणूस दवाखान्यात पेन्सिलच हातात घेत नाही.