‘अदखलपात्र’ म्हणजे दखल न घेण्याजोगे नव्हे

प्रश्न : बांधाच्या वादातून चुलत पुतण्याने माझ्या तोंडावर बुक्की मारली. ओठ फुटला. त्याच रात्री पोलीस ठाण्यात गेलो, तर ‘अदखलपात्र’ असे लिहिलेला कागद हातात देऊन ‘आता कोर्टात जा’ असे सांगितले. रक्त थांबल्यावर सकाळी पाहिले, तर पुढचा दात अर्धा तुटलेला होता. माझ्या तक्रारीत दखल घेण्याजोगे काहीच नाही का?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : हा गैरसमज शब्दानेच करून दिलेला आहे, आणि तो तुमच्या एकट्याचा नाही. बोलण्यात आपण ‘दखल घेणे’ म्हणजे लक्ष देणे असे समजतो. फौजदारी कायद्यात मात्र ‘दखलपात्र’ गुन्हा म्हणजे ज्यात पोलीस दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाची वाट न पाहता तपास सुरू करू शकतात आणि वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा गुन्हा. अदखलपात्र गुन्हाही गुन्हाच असतो आणि त्यालाही शिक्षा असते. फक्त त्याच्या तपासाला आधी दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. तुमच्या हातातला कागद, ज्याला सगळे ‘एनसी’ म्हणतात, तो भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ च्या कलम १७४ खालील नोंदीचा आहे. १ जुलै २०२४ पासून ही संहिता जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आली, म्हणून पूर्वीचे कलम १५५ आता कुणी सांगत असेल तर गोंधळू नका.

आता तुमच्या दाताकडे येऊ, कारण सगळे प्रकरण तिथेच फिरते. नुसता ओठ फुटला असता तर ती साधी दुखापत, म्हणजे भारतीय न्याय संहितेचे कलम ११५(२) : एक वर्षापर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि गुन्हा अदखलपात्र. ठाणे अंमलदाराने त्या रात्री फुटलेला ओठच पाहिला असेल, तर त्याने केलेली नोंद चुकीची म्हणता येणार नाही. परंतु कलम ११६ मध्ये गंभीर दुखापतीचे जे प्रकार दिले आहेत, त्यांत हाड किंवा दात मोडणे अथवा निखळणे हा एक आहे. गंभीर दुखापत जाणूनबुजून केल्यास कलम ११७(२) लागते, शिक्षा सात वर्षांपर्यंत जाते आणि गुन्हा दखलपात्र होतो. बुक्की मारताना एवढी इजा करण्याचा हेतू किंवा तशी जाणीव होती का, यावर आरोपीचा वकील पुढे वाद घालेल. तो प्रश्न न्यायालयापुढचा आहे.

म्हणून दात तुटल्याचे सरकारी रुग्णालयातून लेखी प्रमाणपत्र घ्या, त्यासोबत पुरवणी जबाब द्या आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ खाली प्रथम खबर (एफआयआर) नोंदवून घेण्याची लेखी मागणी करा. नोंदवल्यावर तिची प्रत तुम्हाला विनामूल्य मिळाली पाहिजे. दखलपात्र गुन्ह्याची खबर नोंदवणे पोलिसांवर बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१३ मध्ये ललिता कुमारी प्रकरणात स्पष्ट केले आहे. मात्र तीन वर्षे किंवा अधिक पण सात वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत चौदा दिवसांच्या प्राथमिक चौकशीची सोय नव्या संहितेने केली आहे. तुमचा गुन्हा पूर्ण सात वर्षांचा असल्याने ते कारण इथे चालणार नाही. तरीही नकार मिळाला, तर अर्ज टपालाने पोलीस अधीक्षकांकडे आणि त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे.

प्रश्न : गुन्हा दखलपात्र झाला, तर पुतण्याला जामीन मिळणार नाही ना?

उत्तर : मिळेल. दखलपात्र आणि जामीनपात्र या दोन वेगळ्या वर्गवाऱ्या आहेत; पहिली पोलिसांच्या अधिकाराची, दुसरी आरोपीच्या हक्काची. कलम ११७(२) दखलपात्र असूनही जामीनपात्र आहे, म्हणजे तो जामीन द्यायला तयार असेल तर त्याला सोडावेच लागते. आणि प्रकरण साध्या दुखापतीवरच राहिले, तर मारहाणीच्या तारखेपासून एका वर्षाच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे फिर्याद दाखल करा. पुढे मुदतीची अडचण येते.