पिकअपच्या गिअरबॉक्सला आणि डिफरन्शियलला एकच ८०डब्ल्यू-९० टाकलं तर चालेल का?

तुमचा दुकानदार म्हणतो ८०डब्ल्यू-९० चा एकच डबा घ्या आणि गिअरबॉक्स आणि हाउसिंग, म्हणजे मागच्या एक्सलवरचं डिफरन्शियल, दोन्हीकडे ओता. शिवाय कंपनी कुठली घ्यावी, असंही तुम्ही विचारलंय. दुकानदार आणि आमचे भावोजी एकाच शाळेत शिकलेले दिसतात.

८०डब्ल्यू-९० हा नुसता तेलाच्या घट्टपणाचा नंबर आहे. त्याच डब्यावर बारीक अक्षरात जीएल-४ किंवा जीएल-५ छापलेलं असतं, म्हणजे तेल कुठल्या कामाचं त्याचा वर्ग, आणि खरं भांडण तिथे आहे. ते न वाचता जो डबा विकतो, त्याच्याकडून मी वायपरचं पाणीही घेणार नाही.

हाउसिंगला जीएल-५. यावर वाद नको. पिनियन (फिरवणारा छोटा गिअर) क्राउनच्या (मोठ्या गिअरच्या) मध्यापेक्षा खाली बसवलेला असतो, त्यामुळे दात एकमेकांवर नुसते फिरत नाहीत, घासत सरकतात. लोड भरून घाट चढताना त्या दातांमध्ये तेलाचा थर टिकत नाही. तिथे तेलातले गंधक-फॉस्फरसचे घटक कामाला येतात आणि लोखंडावर स्वतःचा थर धरतात. जीएल-५ मध्ये हे घटक जीएल-४ च्या साधारण दुप्पट असतात. नवा डबा उघडल्यावर जो घाण वास येतो, तो त्याच गंधकाचा.

गिअरबॉक्सचं गणित उलटं आहे. तिथे सिंक्रोच्या, म्हणजे गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या जोडणीच्या, पितळी रिंगला घासून पकड घ्यायची असते. आपण गिअर टाकतो तेव्हा रिंग गिअरच्या शंकूसारख्या भागावर, म्हणजे कोनावर, दाबली जाते, मधलं तेल कापते आणि दोघांचा वेग जुळवते. जीएल-५ इथे फार निसरडं पडलं की रिंग घसरते, वेग जुळायच्या आत स्लीव्ह (गिअर अडकवणारी सरकती कडी) दातांवर जाते आणि कर्र आवाज होतो.

आता भावोजींचं सांगतो, कारण तुमचा प्रश्न वाचून तेच आठवले. पिकअप आमच्या दोघांच्या भागीदारीत आहे. चालवतो मी, हिशेब बघतात ते. हंगामात देवगडहून हापूसच्या पेट्या भरायच्या आणि फोंडा घाट चढून दाजीपूर, राधानगरीवरून कोल्हापूर मार्केटला लावायच्या. म्हणजे भरलेली गाडी चढाला आणि रिकामी उताराला, वर एप्रिल-मेचा उकाडा. एका वर्षी हंगामाआधी ऑइल बदलायचं होतं. भावोजींनी कुठूनशी स्वस्तात जीएल-५ ची अख्खी बादली आणली. मी मॅन्युअल उघडून दाखवलं. गिअरबॉक्सच्या रकान्यात स्पष्ट जीएल-४ लिहिलेलं.

"अरे, पाच मोठा की चार? मी भारीतलं तेल घालतोय आणि तू रडतोस!"

माणूस पदवीधर आहे. ४ आणि ५ म्हणजे पहिली-दुसरीसारख्या चढत्या इयत्ता आहेत हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. कामं वेगळी आहेत म्हणून वर्ग वेगळे आहेत, हे ऐकायची तयारी नाही. पैसे त्यांनी दिले होते, ऑइल गेलं दोन्हीकडे.

सुरुवातीला काही कळलं नाही. मग फोंडा घाटात वळणावर तिसऱ्यातून दुसरा टाकताना गिअर कुरकुरायला लागला, पुढे पुढे रोजच. मी डबल क्लच मारून वेळ निभावत होतो: न्यूट्रल, क्लच सोडून थोडी रेस, पुन्हा क्लच, मग दुसरा. मागे भरलेल्या पेट्या, समोर येणारी एसटी आणि आपण हा व्यायाम करतोय. भावोजी एकदा सोबत होते. आवाज ऐकून म्हणाले, "तुझा हात जड आहे." तेवढ्यावर थांबले असते तरी ठीक होतं. घरी जेवताना सगळ्यांसमोर पुन्हा तेच, "गाडीत काही नाही, ह्याला गिअर टाकता येत नाही." मी ह्या घाटात गाडी चालवायला शिकलोय. भावोजी अजून कारसुद्धा उतारावर न्यूट्रलला सोडतात.

शेवटी कणकवलीला बॉक्स उतरवला. मेस्त्रींनी दुसऱ्या गिअरची रिंग काढून माझ्या हातात दिली. नव्या रिंगच्या आतल्या बाजूला बारीक आटे असतात, नख फिरवलं की खरखर लागते. ह्या रिंगवर नख सरळ सरकलं. आटे घासून सपाट झालेले, आतून लख्ख गुळगुळीत. मेस्त्रींनी ती कोनावर दाबून पिळली तर फिरत राहिली. मग नवी रिंग तशीच दाबून पिळायला मला दिली, ती जागच्या जागी चावून बसली.

भावोजी तयारीनिशी आले होते. त्यांनी कुठेतरी वाचलेलं की जीएल-५ पितळ खातं. म्हणाले, "पितळ कुठे काळं पडलंय? खड्डे दाखव. नाहीत ना? मग तेलाचा दोष नाही." अर्धवट वाचलेला माणूस न वाचलेल्यापेक्षा महाग पडतो. गंधक पितळ खातं ही गोष्ट खरी आहे, पण ती मुख्यतः जुन्या प्रकारच्या घटकांची आणि खूप तापलेल्या तेलाची. आजच्या बऱ्याच जीएल-५ मध्ये ते गंधक बरंच आवरलेलं असतं. रिंग काळी न पडताही मरते. घसरून घसरून, प्रत्येक गिअरला थोडी थोडी.

आमच्याकडे दुसऱ्या गिअरचीच रिंग पुरती गेली होती. तेवढी बदलली, तिसऱ्याची जुनीच ठेवली आणि जीएल-४ भरलं. तिसराही अधूनमधून कुरकुरायचा, तो नुसत्या तेलाने गप्प झाला. त्याची रिंग जुनी, हात माझाच, घाटही तोच.

तुमच्यासाठी कामाचं: ड्रेन नट खोलायच्या आधी वरचा भरायचा नट सुटतोय का ते बघा. आधी तेल सोडलं आणि वरचा नट अडकला तर गाडी तिथेच उभी. गाडी सपाटीवर ठेवून भरण्याच्या भोकातून तेल परत ओघळेपर्यंतच भरा. "थोडं जास्त असू दे" करू नका. हाउसिंगमध्ये जास्त झालेलं तेल एक्सलच्या सीलमधून ब्रेक लायनरवर येतं. ड्रेन नटच्या चुंबकावर राखाडी लेप दिसला तर घाबरू नका, चकत्या किंवा तुकडे दिसले तर घाबरा. कोकणासारख्या पावसात गाडी असेल तर हाउसिंगचा ब्रीदर, म्हणजे हवा जायचं छोटं तोंड, साफ ठेवा. तो तुंबला की आतली तापलेली हवा सीलमधून वाट काढते, आणि तापलेलं हाउसिंग पाण्यात बुडालं की त्याच सीलमधून पाणी आत ओढलं जातं. तेल दुधाळ दिसलं की पाणी गेलं समजा, किलोमीटर मोजत बसू नका.

७५डब्ल्यू-९० सिंथेटिकचं म्हणाल तर थंडीत तेल किती घट्ट होतं ते बघताना ७५डब्ल्यू उणे ४० अंशांच्या कसोटीवर ठरतं आणि ८०डब्ल्यू उणे २६ च्या. महाराष्ट्रात निफाडचा पारा ५ च्या खाली गेला तर पेपरात बातमी येते. ७५डब्ल्यूने सकाळचा पहिला गिअर थोडा हलका पडेल, पण आपल्या गारव्यासाठी तेवढे जास्त पैसे देण्यात अर्थ नाही. आणि ९० ऐकून हे इंजिन ऑइलच्या दुप्पट घट्ट असं समजू नका. गिअर ऑइलची मोजपट्टीच वेगळी आहे, ९० नंबर इंजिनच्या ४०-५० च्या आसपास येतो. सतत ओव्हरलोड असेल आणि मॅन्युअल परवानगी देत असेल तर हाउसिंगला ८५डब्ल्यू-१४० बघा.

एक गोष्ट आधीच लिहायला हवी होती. काही कंपन्या स्वतःच दोन्हीकडे एकच तेल सांगतात, काही गिअरबॉक्सना एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) किंवा इंजिन ऑइलही लागतं. तेव्हा तुमच्या मॅन्युअलमध्ये जे आहे ते माझ्या, दुकानदाराच्या आणि भावोजींच्या वरचं. ते हरवलं असेल तर शोरूमच्या सर्व्हिसवाल्याला चासी नंबर देऊन विचारा. लिमिटेड स्लिपचं (एक चाक नुसतं गरगरू न देणारं) डिफरन्शियल असेल तर त्याचं तेल वेगळं असतं, डब्यावर तसं लिहिलेलं बघून घ्या. रिंग आधीच गेली असेल तर कुठल्याही तेलाने परत येणार नाही.

कंपनीचं नाव मी घेणार नाही, सीलबंद डबा आणि पक्कं बिल घ्या म्हणजे झालं. बिल भागीदाराच्या हातात देऊ नका. आमच्या रिंगचं आणि बॉक्स उतरवण्याच्या मजुरीचं बिल भावोजींनी हिशेबाच्या वहीत "ड्रायव्हर खर्च" म्हणून लिहिलंय. मी ते खोडून "ऑइल खर्च" केलं की ते परत खोडतात.