रीमा लागूंना हिंदीत कायम आईच्याच भूमिका का मिळाल्या? दुसरं काही जमत नव्हतं का?

प्रश्नाच्या दुसऱ्या अर्ध्या भागाला आधी उत्तर देतो, कारण मी 'सविता दामोदर परांजपे' रंगमंचावर पाहिलंय.

शेखर ताम्हाणे यांचं हे नाटक १९८५ चं. मी शाळकरी होतो. बाबांबरोबर ठाण्याच्या गडकरी रंगायतनला गेलो होतो, बाल्कनीत अगदी मागची रांग. रीमाताई त्यात कुसुम अभ्यंकर, आपल्या-तुपल्यासारख्या घरातली बायको, जिच्या अंगात दुसरीच बाई येते. ना मेकअप बदलला, ना साडी. मान जराशी कलली आणि आवाज कुठूनतरी खालून यायला लागला. शेजारच्या काकू मघापासून वेफर्सची पुडी वाजवत होत्या, ती वाजायची थांबली. त्या रात्री मी बाथरूमला एकटा गेलो नाही, हे आता कबूल करायला हरकत नाही.

त्याआधी जयवंत दळवींच्या 'पुरुष'मध्ये, विजयाबाई मेहतांच्या दिग्दर्शनाखाली, त्या अंबिका करत होत्या. समोर गुलाबराव म्हणजे नाना पाटेकर. बलात्कार झाल्यावर रडत न बसता हिशेब चुकता करणारी ही शिक्षिका. हे सगळं बँकेतली नोकरी सांभाळून. घरातच नाटक होतं म्हणा. आई मंदाकिनी भडभडे रंगभूमीवरच्याच. रीमाताईंचं लग्नाआधीचं नाव नयन भडभडे.

आता आईचं. १९८८ ला 'कयामत से कयामत तक' आणि १९८९ ला 'मैंने प्यार किया' आले आणि हिंदीतला नायक एकदम विशीतला झाला. अशा पोराला पांढऱ्या केसांची, खोकणारी, शिलाई मशीनवर बसलेली आई शोभेना. हवी होती तरतरीत, पोराची मैत्रीण वाटेल अशी. ही जागा रिकामी होती आणि रीमाताई तिथे चपखल बसल्या. गंमत बघा, 'मैंने प्यार किया'च्या वेळी त्या ३१ वर्षांच्या, सलमान २४ चा! 'वास्तव'मध्ये तर संजय दत्तची आई, आणि दोघांच्या वयात जेमतेम १३ महिन्यांचं अंतर. तिशी ओलांडलेल्या बाईला नायिका करायची नाही, हा तेव्हाचा धंद्याचा नियमच होता. त्यात त्यांचा दोष शोधू नका.

आणि एकदा शिक्का बसला की निर्माते दुसरं विचारायला येत नाहीत. पण शिक्क्याच्या आतही त्यांनी काय केलं ते पाहायचं असेल तर 'वास्तव'चा शेवट पुन्हा बघा. रघू मरण मागतोय आणि आई पिस्तूल हातात घेते. तिथे किंचाळायची, छाती पिटायची पूर्ण मुभा होती. त्या ते करत नाहीत. पोटचा पोर आहे आणि त्याला यातून सोडवायचंय, दोन्ही एकाच चेहऱ्यावर दिसतं. ही नाटकातली तालीम. पुढे काय होणार हे माहीत असूनही चेहऱ्यावर आधी न सांगणं.

विनोदासाठी 'श्रीमान श्रीमती'तली कोकिळा किंवा 'तू तू मैं मैं'मधली सासू. सुप्रिया पिळगावकरांशी त्यांची जी जुगलबंदी चालायची, ती पाहायला आमच्याकडे आजीसुद्धा जप बाजूला ठेवून बसायची. सासू म्हणजे छळवादी हे आजीचं मत मात्र त्या मालिकेनंतरही बदललं नाही.

१८ मे २०१७ ला त्या गेल्या, वय ५८. तेव्हा 'नामकरण' या मालिकेत त्यांचं काम चालू होतं, तेही चांगलं खलनायकी.

तुम्ही तरुण असाल तर एक सोपी गोष्ट करा. २०१५ चा 'कट्यार काळजात घुसली' लावा आणि निवेदन ऐका. ती कट्यार बोलते ना, तो आवाज रीमाताईंचा. तिथे त्या कोणाचीच आई नाहीत.