गर्भपातानंतर पुन्हा कधी? आधी ठरवा, कशासाठी थांबायचं

नवव्या आठवड्यात बाळाचे ठोके थांबले, गोळ्यांनी पिशवी रिकामी झाली. आता डॉक्टर म्हणतात एक पाळी येऊ दे, घरचे म्हणतात वर्षभर नाव काढू नका, आणि कोणाचं ऐकू असं तू विचारलंयस. वाचून फार वाईट वाटलं गं. मीही यातून गेले आहे, म्हणून स्पष्ट सांगते: पहिल्या तीन महिन्यांत झालेल्या आणि पुढे काही त्रास न झालेल्या गर्भपातानंतर वर्षभर थांबायला वैद्यकीय कारण नसतं.

सहा महिने थांबा, असं जे सर्रास ऐकू येतं ते जागतिक आरोग्य संघटनेच्या २००५ सालच्या तज्ज्ञ-बैठकीतून आलं. त्याला मुख्य आधार लॅटिन अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाचा होता. पुढे २०१० मध्ये स्कॉटलंडमधल्या सुमारे ३०,००० स्त्रियांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा सहा महिन्यांच्या आत पुन्हा दिवस राहिलेल्यांमध्ये पुन्हा गर्भपाताचं प्रमाण उलट कमी दिसलं. ज्यांना लवकर दिवस राहतात त्यांची प्रकृती मुळात चांगली असू शकते, हेही खरं. म्हणून लवकर केलेलंच बरं असा अर्थ मी काढत नाही, पण लवकर राहिलं तर धोका वाढतो ही भीती मात्र मनातून काढून टाक.

एक पाळी कशासाठी, तेही समजून घे. पाळी साधारण चार ते सहा आठवड्यांत येते, पण स्त्रीबीज त्याआधीच, कधी दोन आठवड्यांतही सुटतं. म्हणजे पाळी न येताही दिवस राहू शकतात. पाळी आली की पुढचे आठवडे नीट मोजता येतात आणि जुन्या गर्भाचं हार्मोन अंगातून गेलेलं असतं. नाहीतर त्याच्यामुळे घरची टेस्ट उगाच पॉझिटिव्ह येते. रक्तस्राव पूर्ण थांबेपर्यंत मात्र संबंध नकोतच, जंतुसंसर्गाची भीती असते.

खरोखर थांबावं लागतं ते वेगळ्या परिस्थितीत. द्राक्षगर्भ (बाळाऐवजी पिशवीत द्राक्षांच्या घडासारखी वाढ) असेल तर हार्मोनची पातळी शून्यावर येऊन डॉक्टर हो म्हणेपर्यंत. नळीतल्या गर्भासाठी मेथोट्रेक्सेटचं इंजेक्शन घेतलं असेल तर निदान तीन महिने. चौथ्या-पाचव्या महिन्यात बाळ गेलं असेल किंवा दोन-तीनदा असं झालं असेल तर आधी कारण शोधायचं. थायरॉइड किंवा साखर हाताबाहेर असेल, रक्त फार कमी असेल तर ते आधी ताळ्यावर आणायचं. प्रत्येक ठिकाणी थांबण्याला कारण आहे, आणि ते संपलं की थांबणंही संपतं. डॉक्टरांना ‘किती थांबू’ असं विचारण्याऐवजी ‘माझ्या बाबतीत कशासाठी थांबू’ असं विचार. वयही बघ. सत्ताविशीत सहा महिने गेले तर फारसं बिघडत नाही, अडतिशीत तेच महिने मोलाचे असतात.

आणि तू वजन उचललंस किंवा प्रवास केलास म्हणून हे झालं, असं कोणी म्हणालं तर मनाला लावून घेऊ नकोस. सुरुवातीच्या गर्भपातांपैकी जवळजवळ निम्म्यांत गर्भाच्या गुणसूत्रांतच दोष असतो.

मनाचं मात्र कुठलंच वेळापत्रक नाही. दुःख पूर्ण ओसरल्यावरच पुढे जाऊ असं म्हणशील तर तो दिवस येईलच असं नाही. भीती वाटते म्हणूनही थांबू नकोस, ती पुढच्या वेळीही सोबत असणारच. पण झोप उडालीय, रोज रडू येतंय, स्वतःला दोष देणं थांबत नाहीये, असं आठवड्यांमागून आठवडे चाललं असेल तर आधी समुपदेशकाकडे जा. तोही उपचारच आहे. बऱ्याच जणी, गेलेल्या बाळाच्या जन्माची जी तारीख होती तिच्या आत पुन्हा दिवस राहायलाच हवेत, अशी मुदत मनाशी धरतात. कृपा करून ती धरू नकोस. मग दर महिन्याची पाळी आधीचं दुःख नव्याने उकरून काढते. नवऱ्याशीही बोल. तो गप्प आहे म्हणजे त्याला काही वाटत नाही असं नसतं, आणि दोघांपैकी ज्याचं मन अजून मागे आहे त्याच्या चालीने जावं, असं माझं ठाम मत आहे.

फॉलिक ॲसिड आत्ताच सुरू कर, ४०० मायक्रोग्रॅम रोज, प्रयत्न कधीही करणार असलीस तरी. मधुमेह असेल किंवा फिट्सच्या गोळ्या चालू असतील तर जास्त मात्रा लागते, ती डॉक्टर ठरवतील. तुझा रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शन (पुढच्या बाळाला रक्तगटामुळे त्रास होऊ नये म्हणून देतात ते) लागत होतं का, आणि ते दिलं का, हेही विचारून घे. पुन्हा टेस्ट पॉझिटिव्ह आली की आधीचा गर्भपात लगेच सांग; सहाव्या-सातव्या आठवड्याच्या सुमारास सोनोग्राफी करून घेता येते. थोडा जरी रक्तस्राव दिसला तरी त्याच दिवशी फोन कर. आधी गर्भपात झालेल्यांना अशा वेळी प्रोजेस्टेरॉनचा, म्हणजे गर्भ टिकायला मदत करणाऱ्या हार्मोनचा, उपयोग होऊ शकतो, आणि ते वेळेत सुरू व्हायला हवं.