प्रवेशाआधी ‘नर्सिंग स्टुडंट’ लिहिलं तर चालेल का?
नाही. नुसती बीएस्सी नर्सिंगची सीईटी दिली म्हणून बायोडेटात ‘नर्सिंग स्टुडंट’ लिहू नका, ‘बारावी सायन्स, नर्सिंग प्रवेशाच्या प्रयत्नात’ असं लिहा. ठाण्यातल्या एका छोट्या हॉस्पिटलात रिसेप्शनसाठी आलेले अर्ज मीच चाळते. आमचा पहिला प्रश्न ठरलेला: कॉलेज कुठलं, कितवं वर्ष? तिथेच त-त-प-प झालं की खरी बारावीची मार्कशीटसुद्धा संशयाने बघितली जाते. कॅप राउंडमध्ये, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या फेरीत, जागा मिळाली, फी भरली, प्रवेश निश्चित झाला, की त्या दिवसापासून बिनधास्त लिहा. घरी मावशीला काहीही सांगा हो, तिथे कोण विचारतंय! ‘नर्स’ मात्र कोर्स संपवून महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी झाल्यावरच.