पीएलसीत सगळेच टॅग रियल घेतले तर काय बिघडतं?

तुम्ही विचारलंय की पीएलसीचं (मशीन चालवणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरचं) लॅडर, म्हणजे शिडीसारखा आखायचा प्रोग्रॅम, जमतं, पण टॅग (नाव दिलेला मेमरीतला कप्पा) बनवताना बूल (हो किंवा नाही), इंट (१६ बिटांचा, म्हणजे सोळा ०/१ घरांचा पूर्णांक), डीइंट (३२ बिटांचा पूर्णांक), वर्ड (१६ बिटांचा गठ्ठा), रियल (दशांश संख्या) यांतलं काय घ्यायचं ते कळत नाही. हल्ली मेमरी भरपूर असते, मग सगळंच रियल का नको?

हे डेटा टाइप मेमरी वाचवण्यासाठी असतात, असं मलाही आधी वाटायचं. मी बडोद्यात मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत मशीनं चालू करून द्यायचं काम करतो. माझा तो समज एका खोक्याने घालवला.

पाउच भरायचं मशीन होतं. मिनिटाला ५० पाउच, दर २४ पाउचला एक खोकं. तयार काउंटर ब्लॉक न घेता मोजणी मी स्वतःच लिहिली होती: सेन्सरसमोरून पाउच गेलं की इंट टॅगमध्ये एक मिळवायचा, २४ने भागून बाकी शून्य आली की भरलेलं खोकं पुढे ढकलायचं, शिफ्ट बदलली की काउंट शून्य. आठ तासांत होतात २४,०००, इंटमध्ये मावतात ३२,७६७. मी निश्चिंत. मग दिवाळीच्या ऑर्डरींसाठी शेठनी शिफ्ट बारा तासांची केली. मला कुणी कळवलं नाही, आणि कळवलं असतं तरी तेव्हा माझी ट्यूब पेटली नसती.

संध्याकाळी सातला सुरू झालेल्या शिफ्टमधून पहाटे सहाच्या सुमारास ऑपरेटरचा फोन: "साहेब, काउंटर माइनसमां गयो!" हिशेब करून बघा, ३२,७६७ भागिले ५०, म्हणजे दहा तास पंचावन्न मिनिटं. इंटच्या सोळा बिटांत सगळ्यात वरचा बिट चिन्हाचा. बेरीज पुढे सरकली की तो उठतो आणि ३२,७६७ नंतर थेट उणे ३२,७६८ येतं. मशीन मात्र थांबलं नाही, आणि खरी पंचाईत तीच. ३२,७६०ला एक खोकं सुटलं होतं, पुढचं सुटलं ते उणे ३२,७६०ला. मधे पाउच पडले फक्त १६. त्यानंतरची सगळी खोकी पुन्हा चोख २४ची. आठ पाउच कमी असलेलं ते एक खोकं शोधायला अख्खा ढीग वजनकाट्यावर चढवावा लागला. टॅग डीइंट केला. त्याच वेगाने, शून्य न करता, तो भरायला ८१ वर्षं लागतील.

"मग रियलच घ्या ना, त्यात तर केवढाही आकडा मावतो." मावतो, पण नेमका राहत नाही. ३२ बिटांच्या रियलमध्ये साधारण सातच अंक भरवशाचे. पाण्याच्या मीटरचा दर लिटरला एक पल्स येतोय आणि तुम्ही तो रियलमध्ये मिळवताय असं धरा. १,६७,७७,२१६ला पोचलं की त्यात एक मिळवला तरी उत्तर तेच. तासाला २०,००० लिटर वाहत असतील तर पस्तिसाव्या दिवशी टोटल गोठतं. ना अलार्म, ना एरर, पाणी मात्र वाहतंय. मोजायची वस्तू असेल तर डीइंट. मापायची असेल, तापमान, दाब, पातळी, तर रियल. आणि रियलची तुलना "बरोबर"ने करू नका; ०.१ दहा वेळा मिळवून १.० मिळेलच याची खात्री नसते. "पेक्षा जास्त किंवा समान" वापरा.

ॲनालॉगमध्ये, म्हणजे सेन्सरच्या कमी-जास्त होणाऱ्या सिग्नलमध्ये, नवीन मुलं हमखास अडकतात. सिमेन्सच्या एस७-१२०० पीएलसीत ४-२० मिलिअँपचा इनपुट ० ते २७,६४८ असा इंटमध्ये येतो. टक्केवारीसाठी त्याला आधी १००ने गुणलंत तर ३२७च्या पुढे इंट फुटतो. आधी २७,६४८ने भागलंत तर फुल स्केल येईपर्यंत शून्यच. म्हणून आधी रियल करा, मग स्केल करा.

वर्ड आणि इंट दोन्ही सोळा बिटांचेच, फरक वाचण्याचा. सगळे बिट एक असले तर इंट म्हणतो उणे १, बिनचिन्हाचा यूइंट म्हणतो ६५,५३५, आणि वर्ड म्हणतो, सोळा दिवे लागलेत. ड्राइव्हचा (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या यंत्राचा) स्टेटस वर्ड असाच बिट-बिट वाचायचा असतो, त्याची बेरीज-वजाबाकी करायची नसते. मॉडबसवर (उपकरणं एकमेकांशी बोलतात ती पद्धत) रियल दोन रजिस्टरांत, म्हणजे सोळा-सोळा बिटांच्या कप्प्यांत, येतो. त्यांची अदलाबदल झाली की मीटर १००.० दाखवतो आणि तुमच्या एचएमआयवर (मशीनच्या स्क्रीनवर) शून्य. अशा वेळी वायरिंग उकरण्याआधी वर्ड स्वॅप करून बघा.

ही नावं आयईसी ६११३१-३ या मानकातली आहेत (पहिली आवृत्ती १९९३), म्हणून बऱ्याच कंपन्यांत तीच भेटतील. जुन्या मित्सुबिशी एफएक्स पीएलसीवर गेलात तर टाइप असा वेगळा द्यावा लागतच नाही, आणि तिथे जास्त जपायला हवं: डी१० या रजिस्टरमध्ये ३२ बिटांचा आकडा टाकलात की डी११ही गेला. तिथे दुसरं काही ठेवलं असेल तर ते पुसलं जातं. मी कागदावर रजिस्टरांचा तक्ता काढून, जोडीतला दुसरा लाल पेनाने खोडून ठेवतो.

तुमच्या प्रोग्रॅममधला कन्व्हेअरचा टाइमर इथे टाका, बघून सांगतो. टाइम टाइपचीही कमाल सिमेन्सवर जेमतेम २४ दिवसांची आहे, तेव्हा तासांचा मीटर त्यात ठेवला असेल तर आधी तो काढा.